आई म्हणते 'पाय घसरला'. पडण्याचा धोका आधी ओळखता येतो का?

कडीपत्ता | ८ जून, २२:१०

आई ७६ वर्षांची आहे. पुण्यात एकटी राहते. जुनी सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी ठाण्यात. मागच्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास बाथरूमच्या दारात पडली. नशिबाने हाड मोडलं नाही, कपाळाला टेंगूळ आलं आणि डावं मनगट सुजलं. फोनवर म्हणाली, "अगं काही नाही, पाय घसरला जरा." मीही खोलात शिरले नाही, बर्फ लाव म्हणून सांगून मोकळी झाले.

काल तिच्याकडे आले, तर पोळ्यांच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, "ताई, संक्रांतीच्या आधी पण पडल्या होत्या की! तेव्हा मी आणि खालच्या काकांनी धरून उठवलं." आईने मावशींकडे ज्या नजरेने पाहिलं ते बघता मावशींची नोकरी धोक्यात आहे.

म्हणजे सहा महिन्यांत दोनदा, आणि एकदा तर मला पत्ताच नाही. डॉक्टरांकडे घेऊन गेले तर ते म्हणाले, "वय झालंय, जपा." जपा म्हणजे करा काय? साखर मोजता येते, बीपी मोजता येतं, तसं माणूस पडण्याचा धोका मोजायचं काही असतं का? दादा म्हणतो, तिला ठाण्याला आण आणि विषय संपव. आई म्हणते, "अकराव्या मजल्यावर कोंडायचं असेल तर आधीच सांगा, मी काशीला जाते."

औषधं: बीपीची एक गोळी, थायरॉईड, कॅल्शियम आणि 'कधीतरी' झोपेची अर्धी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा 'अजून पिकायचाय'. चष्मा प्रोग्रेसिव्ह.

यातून कुणी गेलंय का?

*

खारीबिस्कीट | ८ जून, २२:३४

गेलेय. साबा (सासूबाई) दोनदा अशाच 'घसरल्या' होत्या. आम्ही हसण्यावारी नेलं. तिसऱ्यांदा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, चार महिन्यांनी वॉकर घेऊन घरात फिरायला लागल्या, पण एकट्या भाजी आणायला परत कधी गेल्या नाहीत. तुम्ही दुसऱ्या वेळेलाच विचारताय, बरं केलंत.

*

मिरजेची_फिजिओ | ८ जून, २३:२०

मोजता येतं, पण साखरेसारखं एका थेंबात नाही. रोज हेच काम करते म्हणून जरा लांबण लावते.

आधी तीन प्रश्न. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 'स्टेडी' या कार्यक्रमातले आहेत, पण मिरजेतही तेवढेच चालतात. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना तोल जातोय असं वाटतं का? पडायची भीती वाटते का? एकालाही 'हो' आलं की पुढची तपासणी करायची.

मात्र 'पडलात का' असं थेट विचारलं की आमच्याकडे नव्वद टक्के वेळा 'छे' असंच उत्तर येतं (हा आकडा माझ्या अनुभवातला, कुठे छापून आलेला नाही). त्यांच्या लेखी पडणं म्हणजे हाड मोडणं. म्हणून मी विचारते, "कधी खाली बसकण मारावी लागली का? कुणाला हात देऊन उठवावं लागलं का?" मग गोष्टी निघतात.

आता घरी करता येण्यासारख्या तीन चाचण्या. तिन्हींच्या वेळी तुम्ही आईच्या अगदी बाजूला उभ्या राहा, हात तिच्या पाठीमागे तयार ठेवा. एकटीने करून बघ म्हणून फोनवर सांगू नका.

१) हात असलेली खुर्ची घ्या. खुर्चीपासून तीन मीटरवर खडूने रेघ मारा. 'सुरू' म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजच्या चपला, रोजची काठी असेल तर काठी. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. १९९१ पासून वापरात असलेली चाचणी आहे. पण घड्याळापेक्षा बघण्यासारखं पुष्कळ असतं: उठताना कितीदा हिसका द्यावा लागतो, हात हलतात की अंगाला चिकटलेले असतात, पावलं फरफटतात का, वळताना एका झटक्यात वळतात की सात-आठ छोटी पावलं टाकत, आणि बसताना शेवटी धपकन अंग टाकतात का.

२) भिंतीला टेकवलेली, साधारण १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची. हात छातीवर दुमडायचे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वयाच्या बाईला १० च्या खाली आले तर मांड्यांत जोर कमी आहे. हात टेकवावे लागले तर शून्य.

३) तोल. पावलं जुळवून उभं राहा; मग एक पाऊल अर्धं पुढे; मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत; मग एका पायावर. प्रत्येकी १० सेकंद. तिसरी अवस्था १० सेकंद टिकली नाही तर धोका वाढलेला. हे ओट्याजवळच करा, धरायला काहीतरी हवं.

आमच्या ओपीडीत बर्ग नावाची १४ कृतींची, ५६ गुणांची मोठी चाचणीही करतो. ती घरी नको.

*

अर्धशिक्षित | ९ जून, ०८:०५

माझी आजी ९१ व्या वर्षापर्यंत कोकणात विहिरीचं पाणी आणायची, जमिनीवर मांडी घालून जेवायची. तिची कुणी स्टॉपवॉच लावून परीक्षा घेतली नाही. आपण आपल्या माणसांना आधी सोफ्यावर बसवतो, मग कमोडवर, आणि मग मांड्यांत जोर नाही म्हणून परदेशी टेस्ट घेतो. असो, माझे दोन पैसे.

*

कडू_कारलं | ९ जून, ०८:४१

@अर्धशिक्षित, तुमच्या आजी ९१ ला पोचल्या म्हणून त्यांची गोष्ट तुमच्याकडे आहे. ज्या सत्तरीत अंगणात पडून अंथरुणाला खिळल्या आणि चार महिन्यांत गेल्या, त्यांना 'म्हातारपणाने गेल्या' म्हणायची पद्धत होती. माझी पणजी तशी गेली. तिचं पडणं कुणी मोजलंच नाही.

*

मिरजेची_फिजिओ | ९ जून, ०९:१५

अर्धशिक्षित यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. आयुष्यभर जमिनीवर बसणं-उठणं चालू ठेवलेल्या बायकांच्या मांड्या खरंच चांगल्या असतात, रोज बघते. पण दहा वर्षं सोफ्यावर काढलेल्या ७६ वर्षांच्या बाईला 'उद्यापासून खाली बसून जेव' म्हणून सांगू नका.

*

रात्रपाळी | ९ जून, १३:३०

इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. फिजिओताईंनी चाचण्या छान सांगितल्या, मी त्यांच्या आजूबाजूचं सांगते.

कडीपत्ता, आईची एकही चाचणी न करता ती वरच्या गटात गेलेली आहे. २०२२ मध्ये बऱ्याच देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून पडण्याविषयीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात वर्षात दोन किंवा जास्त वेळा पडलेला माणूस सरळ जास्त धोक्याचा धरतात. जो पडल्यावर आपला आपण उठू शकला नाही, तोही. तुमच्या आईला दोघांनी उठवलं, म्हणजे दोन्ही लागू. तेव्हा 'धोका किती' हा प्रश्न संपला, आता 'कशामुळे' हा धरा.

गुण देणाऱ्या तक्त्यांवर माझा फारसा जीव नाही. रुग्णालयात आईला दाखल केलंत तर नर्स मोर्स स्केल भरेल: पूर्वी पडण्याचे २५ गुण, सलाईनची सुई असेल तर २०, आणि असं करत १२५ पर्यंत. बऱ्याच ठिकाणी ४५ च्या वर गेलं की मनगटावर पिवळा पट्टा. पण उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेने २०१३ मध्येच सांगून टाकलं की रुग्णालयात कोण पडेल याचं भाकीत करायला असे तक्ते वापरू नका. प्रत्येकाची कारणं शोधा आणि जी दूर होतील ती करा. तक्ता भरला की काम झालं असं वाटतं, ही त्यातली खरी अडचण. पट्टा बांधलेले आजोबा पहाटे एकटेच संडासला निघालेले मी कितीदा तरी पाहिलेत.

कारणं एकावर एक चढतात, हे मात्र पक्कं. १९८८ मध्ये डॉ. मेरी टिनेटी आणि सहकाऱ्यांनी घरी राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवलं. जवळजवळ एक तृतीयांश पडले. ज्यांच्यात धोक्याचं एकही कारण नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के, आणि चार किंवा जास्त कारणं असलेल्यांत ७८ टक्के. कारणं कोणती? झोपेची औषधं, पायांतला अधूपणा, तळपायांची दुखणी, तोल आणि चाल, स्मरणशक्ती. यातली निम्मी तरी हात घालण्यासारखी आहेत.

घरी बीपीचं यंत्र असेल तर हे करा. आईला पाच मिनिटं पडून राहू दे, बीपी घ्या. उभं करा. एका मिनिटाने घ्या, तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय. खुर्चीत बसवून घेतलेल्या एका आकड्यात हे दिसत नाही. शिवाय 'झोपेची कधीतरी' म्हणजे किती, ते पाकिटं मोजून बघा, तोंडी विचारू नका.

अजून एक, बिनखर्चाची. तिच्याबरोबर चालताना सहज काहीतरी विचारा, भाजी काय करायची वगैरे. उत्तर द्यायला ती थांबते का? स्वीडनमधल्या उमिओच्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं होतं: बोलायचं म्हटलं की ज्यांना चालणं थांबवावं लागतं, ते पडण्याची शक्यता जास्त. कारण त्यांचं चालणं आपोआप होत नाही, सगळं लक्ष पावलांवर खर्च होतं.

आणि हे सगळ्यांसाठी: डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टेंगूळ लहान का असेना, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गोळी नसली तरी पुढचे काही आठवडे डोकं दुखणं, पेंग, बोलण्यात-वागण्यात गोंधळ यावर नजर ठेवा. मेंदूभोवती रक्त हळूहळू साचतं आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे विसरभोळेपणा आलाय.

*

दोन_जिने_चढून | ९ जून, १३:५२

वाचनखूण साठवली. आता बाबांना चालता चालता क्रिकेटचा स्कोअर विचारून बघते.

*

नाना_७८ | ९ जून, १७:२०

मी इथला बहुधा सगळ्यात जुना सभासद, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

'पाय घसरला' असं आम्ही का म्हणतो? पाय घसरला म्हटलं की दोष फरशीचा. 'डोळ्यांपुढे अंधारी आली', 'पाय उचललाच गेला नाही' म्हटलं की दोष माझा. आणि माझा दोष ठरला की दुसऱ्या दिवसापासून बँकेत मुलगा जाणार, दूध शेजारी आणणार, आणि बागेतल्या बाकावरची माझी जागा रिकामी. हा हिशेब अर्ध्या सेकंदात होतो, अजून जमिनीवर असतानाच. मी गेल्या वर्षी सज्जात पडलो, तेव्हा पहिला विचार हाड मोडलं का हा नव्हता. सूनबाईने आवाज ऐकला का, हा होता.

तुम्हाला चाचणीच हवी असेल तर घरातल्या भिंती बघा. आमच्या पॅसेजमध्ये साधारण कमरेच्या वर एक मळकट पट्टा आहे. दोन वर्षांपूर्वी रंग दिला तेव्हा नव्हता. तो माझ्या हाताचा आहे. फ्रिजचं दार, देवघराची कड, जेवणाच्या टेबलाचा कोपरा, अशी माझी स्टेशनं ठरलेली आहेत. खुर्च्या कुणी हलवल्या की मी चिडतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारा तिरसट झाला.

भीतीचंही सांगतो. पडल्यानंतर तीन महिने मी खाली उतरलो नाही. 'पाय दुखतात' सांगितलं. पाय तेव्हा दुखत नव्हते, न उतरल्यामुळे नंतर दुखायला लागले.

आईला 'कशी पडलीस' विचारू नका. 'पडायच्या आधी काय करत होतीस' विचारा. उठली होतीस की चालत होतीस की वळत होतीस, पोटात काय होतं, दिवा लावला होता का. तिला दोष न देता विचारलंत तर सांगेल.

*

रात्रपाळी | ९ जून, १९:०५

नाना, भिंतीचा पट्टा मी उद्या माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना सांगणार आहे. भीतीसाठीसुद्धा १६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, तिच्यात तुमच्या तीन महिन्यांचं सगळं येतं. पण तुम्ही चार ओळींत जास्त सांगितलंत.

*

फरशीवाला | ९ जून, २१:४०

बांधकामातला माणूस आहे. बाथरूमबद्दल लिहितो, बाकी डॉक्टर लोक बघतील.

पहिली गोष्ट, टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती दोन छोट्या स्क्रूंवर असते, माणसाचं वजन आलं की प्लगसकट बाहेर. मी स्वतः दोन घरांत उखडलेल्या पाहिल्यात. आधाराची दांडी वेगळी मिळते, ती विटेच्या भिंतीत लांब अँकरने बसवायची. पोकळ ब्लॉकची किंवा पार्टिशनची भिंत असेल तर आधी सांगा, तिथे वेगळा फास्टनर लागतो. बसवल्यावर मिस्त्रीला म्हणा, तू लटकून दाखव. जागा माझ्या मनाने ठरवत नाही: आजींना कमोडवरून उठायला सांगतो, हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलची खूण.

दुसरं, बाथरूमचा उंबरठा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दीड-दोन इंचाची ग्रॅनाइटची पट्टी असते, तिचा रंग फरशीसारखाच. निदान तिच्यावर पिवळी टेप चिकटवा. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून खाली बघताना वाचायचा भाग मधे येतो आणि पायरी धूसर दिसते, हे माझ्या आईने सांगितल्यावर मला कळलं.

तिसरं, बादली. भरलेली वीस लिटरची बादली ओल्या फरशीवर वाकून सरकवणं हा आपल्याकडचा खास प्रकार. शॉवर नको असेल तर बादली उंच स्टुलावर ठेवा आणि शेजारी बसायला रबरी पायांची खुर्ची. पाटावरून उठणं बंद.

पलंगाखाली सेन्सरचा दिवा, माणूस उठला की लागणारा. स्वस्तात मिळतो. आणि दारातलं ते गुंडाळी झालेलं पायपुसणं आजच्या आज फेका.

*

कडीपत्ता | १० जून, २३:१५

सगळ्यांना धन्यवाद. आजचा दिवस सत्कारणी लावला. सविस्तर लिहिते.

पायपुसणं फेकायला गेले तर ते माझ्याच जुन्या परकराचं निघालं, त्यामुळे तहाची बोलणी चालू आहेत.

खुर्चीची चाचणी: खडूने रेघ मारली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. आईला वाटलं शर्यत आहे. पदर खोचून अशी सुटली की १३ सेकंदांत परत, वर "पहिली आले ना?" मग फिजिओताईंचं वाक्य वाचून दाखवलं, 'नेहमीच्या चालीने'. दुसऱ्यांदा १८. आणि या वेळी मी घड्याळ सोडून तिच्याकडे बघितलं. रेघेपाशी वळताना थांबली, हात नकळत कपाटाकडे गेला, कपाट तिथे नव्हतं तर हवेत राहिला. मग पाच-सहा बारीक पावलं घेत वळली. हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, कारण मी आले की ती बसलेली असते नाहीतर ओट्याला टेकलेली.

हात दुमडून उठणं: एकदाही नाही. दोनदा हिसका दिला, मग गुडघ्यावर हात टेकवून उठली. म्हणजे शून्य. टाचेला अंगठा: ४ सेकंद.

चालताना विचारलं, "आई, आमटी कशाची करू?" थांबली. वळून म्हणाली, "तुरीची." मग चालायला लागली. मला पोटात कसंतरी झालं.

बीपी: झोपून १४६/८०. उभं राहून एका मिनिटाने ११६/६८, तीन मिनिटांनी १२२/७०. विचारलं, गरगरतंय का? "नेहमीसारखंच आहे." नेहमीसारखंच!

आणि पाकिटं. झोपेची गोळी 'कधीतरी' नाही, रोज अर्धी, चार वर्षं. बाबा गेल्यानंतर कुणीतरी पंधरा दिवसांसाठी दिली होती, ती तशीच चालू. औषधाचा दुकानदार ओळखीचा आहे.

नानांच्या पद्धतीने विचारलं. पहाटे लघवीला घाई झाली म्हणून एकदम उठली, दिवा लावला नाही ("डोळ्यांवर येतो"), चार पावलं गेली आणि 'पाय कापसासारखे झाले'. संक्रांतीच्या आधीचं पण असंच, फक्त तेव्हा दुपारी जेवून उठली होती. घसरण्याचा विषयच नाही.

*

रात्रपाळी | ११ जून, १२:४८

बीपीच्या गोळीचं पूर्ण नाव पाकिटावरून वाचा. नावाच्या शेवटी 'एच' आहे का? आणि कधी घेतात?

*

कडीपत्ता | ११ जून, १३:२०

आहे! रात्री जेवणानंतर घेते. डॉक्टरांनी सकाळी लिहून दिली होती, पण सकाळी थायरॉईडची उपाशीपोटी असते, 'दोन गोळ्यांचा घोळ नको' म्हणून तिने स्वतःच रात्रीवर ढकलली.

*

रात्रपाळी | ११ जून, १३:५५

तो 'एच' बहुतेक वेळा पाणी काढणाऱ्या औषधाचा असतो. म्हणजे बघा: रात्री लघवी वाढवणारी गोळी, त्यावर पेंग आणणारी अर्धी. पहाटे घाई, अंधार, झटक्यात उठणं, बीपी ३० ने खाली. मग तुमच्या परकराचं पायपुसणं आणि फरशीवाल्यांचा उंबरठा. दुपारी जेवणानंतरही बीपी उतरतं, तेही बसतंय.

पण तुम्ही यातलं काहीही स्वतः बदलू नका. झोपेची गोळी चार वर्षांनी अचानक बंद केली तर झोप उडेल, जीव घाबरेल, क्वचित फिट येते. ती हळूहळू उतरवतात. हे सगळे आकडे एका कागदावर लिहा, सगळी पाकिटं पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे जा. 'जपा' म्हणणाऱ्या डॉक्टरांसमोर झोपून-उभं राहून घेतलेलं बीपी ठेवलंत की संभाषण बदलतं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा. शाकाहारी असतील तर बी-१२ नक्की, ते कमी असलं की पायांना जमीन नीट कळत नाही. आणि मोतीबिंदू 'पिकायची' वाट बघणं ही फार जुनी गोष्ट झाली.

*

अर्धशिक्षित | ११ जून, २०:१०

शब्द मागे घेतो. काल आमच्या वडिलांचं (८१) उभं-आडवं बीपी घेतलं. २४ चा फरक. स्टॉपवॉचवर अजून विश्वास नाही, पण यंत्राने तोंड बंद केलं.

*

खारीबिस्कीट | ११ जून, २०:३५

जरा विषयांतर. एकट्या राहणाऱ्यांसाठी: साबांच्या फिजिओने पडल्यावर उठायचं कसं हे शिकवलं होतं. लगेच धडपडायचं नाही, आधी कुठे दुखतंय ते बघायचं. कुशीवर वळायचं, मग हातागुडघ्यांवर रांगत भक्कम खुर्चीपर्यंत, हात बैठकीवर, बरा पाय पुढे रोवून उठायचं आणि वळून बसायचं. गादीवर सराव केला होता. नातवंडांना तो खेळच वाटला. आणि मोबाईल गळ्यात. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा हेल्पलाईन नंबरही साबांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिलाय.

*

नाना_७८ | १२ जून, ०७:१०

कडीपत्ता, मावशींना पगारवाढ द्या.

*

कडीपत्ता | १७ ऑगस्ट, २१:५०

धागा वर काढतेय, दोन महिन्यांचा हिशेब द्यायचा होता.

डॉक्टर कागद बघून आधी गप्प झाले, मग स्वतः पुन्हा बीपी घेतलं. गोळी बदलली, साधी दिली, सकाळी. झोपेची अर्धीची पाव झाली, आता एक दिवसाआड. पहिले दहा दिवस आईने आम्हा सगळ्यांना रात्री फोन करून जागवलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन गणपतीनंतर. 'गौरीचे डोळे आधी, मग माझे', असं तिचं म्हणणं.

सोसायटीजवळच्या फिजिओ आठवड्यातून दोनदा येतात. ओट्याला धरून टाचा वर, खुर्चीवर ऊठबस, टाचेला अंगठा लावून चालणं. पायाला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी बांधून पाय उचलणं. मागच्या रविवारी परत रेघ मारली: १४ सेकंद. हात दुमडून ५ वेळा. उभ्याचं बीपी १३४/७६, झोपून १४४/८०.

दांडी बसवली. मिस्त्री लटकला. आईने त्यावर दुसऱ्या दिवशी टॉवेल वाळत घातला.

दादा अजून ठाण्याचं म्हणतो. आई कोंडून घेणार नाही म्हणते. मी मधे. हे काही सुटलेलं नाही, आणि दोन मजले जिना आहेच.

आता भांडण काठीवरून आहे. फिजिओ म्हणतात बाहेर जाताना तरी घ्या. आई म्हणते, "काठी घेतली की लोक रस्ता देतात, मला नको रस्ता."

*

मिरजेची_फिजिओ | १७ ऑगस्ट, २२:२५

शून्यावरून ५, दोन महिन्यांत! आईंना माझ्याकडून पेढा. व्यायाम सोडू देऊ नका, तीन-चार महिने झाल्यावर बरं वाटतं म्हणून सोडतात आणि मग सगळं परत पहिल्यावर येतं.

काठी घेतली तर उंची मनगटाच्या रेषेइतकी, चपला घालून, हात सरळ सोडून मोजायची. आणि ज्या बाजूचा गुडघा किंवा खुबा दुखतो त्याच्या विरुद्ध हातात. दहापैकी सात जण उलट धरतात.

*

नाना_७८ | १८ ऑगस्ट, ०६:५५

मला काठी तीन वर्षं नको होती. मग पावसाळा आला, लांब दांड्याची छत्री घेतली, आणि दिवाळीपर्यंत ती काही मी खाली ठेवली नाही. कुणी विचारलं तर "पावसाचा काय भरवसा." आईसाहेबांना सुचवून बघा. पण छत्रीचं टोक धातूचं असतं, ओल्या फरशीवर सरकतं, म्हणून मला शेवटी खऱ्या काठीवर यावंच लागलं.

*

कडीपत्ता | १८ ऑगस्ट, ०९:३०

नाना, छत्री चालली! आजच भाजीला घेऊन गेली. टोकाचं काय करू?

*

फरशीवाला | १८ ऑगस्ट, ०९:४४

काठीचं रबरी बूट सर्जिकलच्या दुकानात सुटं मिळतं. छत्री सोबत घेऊन जा, मापाचं बघून घ्या. खालच्या रेघा झिजल्या की बदलायचं. नाना, तुमच्या काठीचं शेवटचं कधी बदललंत?

*

नाना_७८ | १८ ऑगस्ट, १०:०२

आत्ता उलटी करून बघितली. गुळगुळीत आहे. दुकान अकराला उघडतं.